पातेल्याखालचा ठिपका

४ मार्च, मंगळवार

ॲपच्या नकाशावर रिवोच्या होडीचा ठिपका कालपासून हलत नाहीये. आईने तिनुतुआनच्या पेजेचा वाडगा माझ्यापुढे आदळला — "विचार तुझ्या त्या ॲपला, माझा पोरगा कुठेय!"

बितुंग बंदरातल्या प्रत्येक होडीच्या टपावर आमच्या मच्छीमार सोसायटीने बॅटरीवर चालणारी पेटी ठोकलीय. पेटी सर्व्हरला जागा कळवते, घरच्यांचा फोन दर दहा मिनिटांनी सर्व्हरला विचारतो. म्हणजे विचारायला हवा! सर्व्हर जकार्तात, आत डोकावता येत नाही. ॲप मात्र माझ्या गळ्यात, शिव्याही मलाच.

५ मार्च

सोसायटीचे हेर्मन काका हसतच सुटले. "अगं, पातेलं घातलं असेल त्याने! टुना लागला की आम्ही नाही घालत?"

खरंय. चांगली जागा सापडली की पेटीवर पातेलं पालथं बांधायचं. सिग्नल अडतो, ठिपका थिजतो, बाकीच्या होड्या मागे येत नाहीत. सगळेच करतात. आईचं भाताचं पातेलं रिवोने त्यासाठीच पळवलंय, ती अजून त्याच्या नावाने बोटं मोडतेय.

शोधायला होडी पाठवा म्हटलं. काका म्हणाले, "आधी ॲप बिघडलंय की होडी, ते सांग. डिझेल काय समुद्रात ओतू?"

६ मार्च

सापडलं! फोन झोपला की टायमरही झोपतो. दुरुस्त केलं. बाकीचे ठिपके पटापट हलले.

रिवोचा नाही.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा स्टेनली म्हणाला, "तुझा भाऊ महाबिलंदर! सगळा टुना एकटा गिळून येणार बघ." मीही हसले. जेवण मात्र गेलं नाही.

७ मार्च

आणखी एक चूक. उत्तर आलं तरच पुढचा प्रश्न — असं कोडमध्ये लिहून ठेवलंय. म्हणजे एकदा नेट गेलं की फोन विचारणंच सोडून देतो आणि जुना ठिपका दाखवत बसतो! बदललं. उत्तर येवो न येवो, दहा मिनिटांनी पुन्हा विचारायचं.

आता फोन नीट विचारतोय. सर्व्हर नीट उत्तर देतोय. रिवोच्या पेटीकडून काहीच नाही.

काकांना सांगितलं, ॲप बिघडलेलं नाही. या वेळी हसले नाहीत. "परवा रात्री बाहेर वारा फार होता," एवढंच म्हणाले. उद्या होडी पाठवतायत.

मला भीती वाटतेय. आईला बोलले नाही.

८ मार्च

काकांची होडी हात हलवत परत आली. आई फोन मांडीवर घेऊन बसलीय.

९ मार्च, रविवार

हलला! हलला!!

चर्चमध्ये, ऐन प्रार्थनेत आईने माझा दंड घट्ट धरला. ठिपका सरकतोय — बितुंगकडेच! आई हमसून रडली, मग सुरू: "येऊ दे मेल्याला, त्याच पातेल्याने बडवते!" काका तर रस्त्यातूनच ओरडले, "सांगितलं नव्हतं? पातेलं!"

दर दहा मिनिटांनी जवळ येतोय. आईने मिरची-टोमॅटो चिरून झणझणीत दाबू-दाबू केलंय, त्याला आवडतं तसं. उद्या सकाळी पोचेल.

१० मार्च

ठिपका धक्क्याला लागला. होडी दुसऱ्याच कुणाची.

त्यांना टपाची फळी तरंगताना सापडली. फळीवर पेटी, पेटीवर दोरीने बांधलेलं पातेलं. ते त्यांनी सोडलं, म्हणून ठिपका हलला.

आई पातेलं घासत बसलीय. थांबतच नाही.