नवी खुर्ची आणि जुनी झोप

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझ्या पत्राला चार महिने उत्तर दिलं नाही, त्याची आधी माफी मागतो. गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का? माझं बरं चाललं आहे, म्हणजे रक्तदाब, पोट आणि मन सोडून.

लोकांना वाटतं, फादर म्हणजे ज्ञानाचा डोंगर. तुला तर ठाऊक आहे, सेमिनरीत मी कसाबसा घासून पास झालो. (आमचे गुरुजी म्हणायचे, याला शिकवण्यापेक्षा याच्यासाठी प्रार्थना करणं सोपं.) तर अशा माझ्याकडे गेल्या महिन्यात, शनिवारी दुपारी, आमच्या गल्लीतला सुतार पापनिवेदनाला आला. जाळीपलीकडून हळूहळू बोलू लागला. माझं नुकतंच जेवण झालेलं, वर पंख्याची घरघर आणि त्याचा रंधा मारल्यासारखा एका लयीतला सूर. माझा डोळा लागला. जाग आली ती "मग आता काय करू, फादर?" या प्रश्नाने. पुन्हा सांग म्हणायची लाज वाटली. घसा खाकरून म्हणालो, "आजच जा आणि सगळं खरं सांगून टाक." वर क्षमाही देऊन टाकली, कशाची ते देवाला ठाऊक. तो रडतच उठून गेला.

नंतर दहा दिवस माझ्या जिवाला घोर. कुणाला सांगणार हा? बायकोला? पोलिसांना? (पापनिवेदनातलं गुपित मरेपर्यंत जपायचं असा आमचा नियम. या खेपेला तो पाळणं सोपं आहे, मला गुपितच माहीत नाही.) त्याचं दुकान बंद दिसलं की मी गल्लीत दोन फेऱ्या जास्त मारायचो. त्यात रविवारचा पाठ कुठला यावा? प्रभू बागेत प्रार्थना करतो आहे आणि शिष्य झोपले आहेत, तो! त्यांना एक तासही जागं राहवलं नाही, हे वाक्य मी घाईघाईने उरकलं. पहिल्या बाकावर सुतार डोळे पुसत होता.

मंगळवारी तो थोरल्या भावाला घेऊन दारात हजर. दोघांनी मिळून एक नवी खुर्ची उचलून आणलेली, जाड गादीची. थोरला म्हणाला, "एकोणीस वर्षं तोंड बघत नव्हतो एकमेकांचं. हा आला आणि सगळं बोलून मोकळा झाला." सुतार म्हणाला, "अर्धा तास बडबडलो, फादर, तुम्ही एकदाही मध्ये तोडलं नाहीत. असं ऐकून घेणारं माणूस मी पाहिलं नाही. त्या मोडक्या खुर्चीत पाठ दुखली असेल तुमची."

मी खाली मान घालून आशीर्वाद दिला. ताई, देव गाढवाच्या तोंडूनही बोलला असं शास्त्रात आहे. पण ते गाढव निदान जागं होतं.

तुझा,
धाकटा

ता. क. खुर्ची फार आरामशीर आहे, म्हणून हल्ली मी उभ्यानेच पापनिवेदन ऐकतो. सुजलेल्या पायांना कुठलं मलम लावतेस?

ता. क. दुसरा. मलमासाठी हे पत्र नाही. आईच्या शेवटच्या दुपारी तू औषध आणायला गेली होतीस आणि मी उशाशी बसलो होतो. परत आल्यावर तू विचारलंस, काही बोलली का? मी म्हणालो, तुझं नाव घेतलं. तू ते आजवर सगळ्यांना सांगत आलीस, गेल्या पत्रातही लिहिलंस, म्हणून मला उत्तर सुचेना. ताई, ती काय बोलली ते मला माहीत नाही. मी खुर्चीत झोपलो होतो. सुताराला सांगितलं ते आज मी केलं. लवकर कळव. एक ओळ पुरे, शिव्यांची असली तरी चालेल.