शकूचा रंग आणि पुण्याच्या बाईचे प्रश्न

८ फेब्रु. ७१, सोम.
कोपरगावचे पाहुणे शकूला बघून गेले. मुलाच्या आत्यानं पदर ओला करून पोरीच्या कानामागं पुसून पाहिलं, पावडर निघते का. घोडेगावच्या बाजारात म्हैस बघावी तसं. मी पोह्यांच्या बशा उचलल्या. पोरीची आई, बोलणार काय. हे तिसरं ठिकाण.

९, मंगळ.
पुण्याहून एक बाई आलीय. कॉलेजात शिकवते. गावोगाव फिरून लग्नाचं विचारते, जात बघता का, रंग बघता का, पोरीला कुणी विचारतं का. मी घरोघर नेते, नाहीतर बायका दार उघडत नाहीत. आज शेजारच्या चंद्राकाकूला विचारलं, प्रेम करून जातीबाहेर लग्न केलं तर? काकू म्हणे, "प्रेम लग्नाआधी असतं का नंतर? आमाला तर मधीबी कुठं गावलं न्हाई." बाईनं तेही लिहून घेतलं. बाईला कामधंदा नाही.

१०, बुध.
आज बाईनं मलाच विचारलं.
"मावशी, तुमच्या मुलाला, दत्तूला, काळी मुलगी कराल का?"
"न्हाई. एक हाय घरात तेवढी बास."
निघून गेलं तोंडातून. शकू चुलीपाशी चहा गाळत होती. कप आणून ठेवले आणि परड्यात गेली.

११, गुरु.
शकू बोलत नाही. बाईकडं जाऊन म्हटलं, कालचं खोडा.
"खोडता येत नाही मावशी. पाहिजे तर पुन्हा विचारते."
विचार म्हटलं. विचारलं. मी म्हटलं, दत्तू उजळ, कॉलेजात जातो, चार लोक काय म्हणतील, पुढं नातवंडं... बाई पेन धरून बसलेली. म्हटलं म्हशीला पाणी दाखवायचंय, आणि उठले. रागच आला. लोकांच्या घरात येऊन असलं विचारायचं.

१४, रवि.
उद्या राहुरीचे येणार. गुलाबी पातळ काढलं, पावडरचा डबा काढला. शकू म्हणे बसणार नाही.
"बापाला सांगू?"
"सांग."
दुपारभर डोकं खाल्लं. हट्टी. माझ्यावरच गेलीय. शेवटी म्हणाली, "बसते. पर त्वांडाला काय लावायची न्हाई."

१५, सोम.
नुसतं तोंड धुऊन बसली. मुलगा बरा वाटला, खाली बघून पोहे खात होता. त्याच्या आईनं शिवण विचारलं, स्वयंपाक विचारला. रंगाचा शब्द नाही. घरी बोलून कळवतो म्हणाले. गेले. काही अंदाज येईना.
शकू कपबशा विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, त्या मुलाच्या आईच्या जागी तू असतीस, तर मला सून करून घेतली असतीस का?"
म्हटलं, आधी भांडी उरक.
उरकली. हात पुसून समोर येऊन बसलीय. मी वही घेतली. दोनदा विचारून झालं तिचं, लिहून झालं का.