पाचांत अर्धा नारळ

तारकर्ली, १२ मार्च १९५८

तीर्थरूप मामांस परशुरामाचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत (मी सोडून). वेंगुर्ल्याच्या हवेत तुमची कंबर आता वाकते का, की अजून मामीच चपला पुढे सरकवतात, ते कळवावे.

तुम्ही सुचवलेले देवबागचे स्थळ हातचे जायच्या बेतात आहे, आणि त्याला कारण मीच. सोमवारी आई आणि मी बोलणी पक्की करायला गेलो. मुलीचे वडील हरिश्चंद्रभाऊ यांच्याकडे रीत अशी, की वरपक्षाने आणलेले पाच नारळ आधी देवापुढे फोडायचे, मग साखर वाटायची. मी पडलो गणिताचा मास्तर. गेल्या वर्षी आमच्याकडे फोडलेल्या दोनशे नारळांत वीस कुसके निघाले, हे मी वहीत टिपून ठेवले आहे (आईला वाटते मी कविता करतो). दहांत एक, म्हणजे पाचांत सरासरी अर्धा. ऐन वेळी कुणी दचकू नये म्हणून हे मी आधीच सांगून टाकले. हरिश्चंद्रभाऊ शांतपणे म्हणाले, "अर्धो कुसको नारळ माका आजवर गावलो नाय."

पहिलाच कुसका निघाला. मला आनंद झाला आणि तो चेहऱ्यावर दिसला, तिथे फसलो. दुसराही तसाच. तिसऱ्याचा वास ओटीपर्यंत गेला. "अर्ध्याचे तीन झाले, मास्तर," हरिश्चंद्रभाऊ म्हणाले. "उद्या तुमी दोन पोरां म्हणालात, तर आमी बारा समजाची?" साखरेचा डबा परत फळीवर गेला, आणि पुढचे पुढे बघू असे ठरले.

घरी येऊन पाहतो तो उलगडा झाला. हलवल्यावर पाणी न वाजणारे पाच नारळ मी वर्गात फोडून दाखवायला वेगळे काढले होते. आमच्या घरात वेगळे काढलेले ते देवाचे, म्हणून आईने नेमके तेच टोपलीत भरले. सरासरी बरोबर होती हो, टोपली चुकली. मामींना नमस्कार सांगावा.

आपला,
परशुराम

ता. क. मुलगी मला मनापासून आवडली आहे. कंबर बरी असो नसो, येत्या सोमवारी तुम्ही देवबागला यावे आणि नारळ स्वतः कानाशी हलवून आणावेत.

ता. क. दुसरा. निघताना मागीलदारी सुगंधाने, म्हणजे मुलीने, हळूच विचारले, की चांगला नारळ निघेपर्यंत किती फोडावे लागतील. मी म्हटले, सरासरीने एक आणि एक नवमांश. "मगे दोन घेवन येवा," ती म्हणाली. तेव्हा मामा, पाच नकोत, दोनच आणा, आणि तिथे मला बोलू देऊ नका.