पाडलेल्या टाकीची ओटी

मुक्काम मुरबाडच्या पलीकडे, श्रावणातला एक कोरडा दिवस

सन्माननीय विपुलभावोजी यांना रघूचा रामराम.

तुमची पाठ कशी आहे? आमच्या रविनाचा गुडघा? इकडे माणसं ठणठणीत आहेत. आजारी आहे ती आमच्या घरापुढची ओटी, आणि तिचा डॉक्टर मीच असल्यामुळे पारू काळजीत आहे.

यंदा गौरीचा फेर आमच्या दारी आहे. गावात फेर धरणारी म्हणजे गुणाबाई. तिने टाच आपटली की समोरच्या घरातली भांडी वाजतात. आमच्या ओटीची उखडलेली जमीन बघून ती म्हणाली, "रघूभाऊ, ही अशीच रायली तर आमी फेर चांगोच्या दारी नेऊ. मंग रुसायचं नाय." चांगो म्हणजे समोरचा शेजारी. त्याच्याकडे चकचकीत फरशी बसल्यापासून पारू त्या दिशेला मान वळवत नाही. तिने मला एवढंच सांगितलं, की फेर तिकडे गेला तर तुमचं ताटही तिकडेच.

खडी आणावी तर ओढ्यावरच्या साकवावरून डंपर बंद. (त्या साकवाच्या काँक्रीटमध्ये सिमेंट होतं का, या विषयावर गावात दोन पक्ष आहेत.) अशात तुम्ही फोनवर म्हणालात, की पाडलेलं काँक्रीट फोडून त्याचीच खडी करता येते, तुमच्या वाशिंदच्या साइटवर जमिनीला तीच वापरतात, तेवढाच डोंगर वाचतो. मला ही गोष्ट फारच आवडली. डोंगर फोडून घर, घर फोडून पुन्हा घर! माणसाने एवढी अक्कल दाखवली आणि मला ती आत्ता कळली.

परसात गळकी टाकी होती. तिच्यावर घण घातला. एकेक तुकडा हातात घेऊन बघत बसलो. आत मूळची काळी खडी जशीच्या तशी, फक्त अंगाला जुनं सिमेंट चिकटलेलं. निवृत्त झाल्यावरही गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र घालून हिंडणाऱ्या माणसासारखी. हे जुनं सिमेंट पाणी पितं, म्हणून खडी आधी भिजवा, असं तुम्ही सांगत होतात. पुढेही काही सांगत होतात, पण मला समजलं म्हणून मी फोन ठेवला. (शिकलेल्या माणसाला समजायला अर्धंच वाक्य लागतं.)

खडी पिंपात भिजवली, ठिबकती तशीच उपसली आणि वर नेहमीएवढं पाणी ओतलं. काँक्रीटची पेज झाली. पारू दारातून म्हणाली, "अवो, वाल भिजवले तर उपसून निथळत ठेवतो ना आपण? का पाण्यासकट फडक्यात बांधतो?" मी तिला समजावलं की वाल वेगळे आणि विज्ञान वेगळं. अर्धी ओटी माझ्या विज्ञानाने झाली. उरलेल्यातला अर्धा भाग तिने वालाच्या पद्धतीने करून घेतला: खडी टोपलीत निथळली, पाणी हात राखून घातलं, वर ओलं गोणपाट टाकलं.

जमीन पुरती वाळल्यावर गुणाबाई परीक्षेला आली. पारूच्या बाजूला टाच आपटली. काही झालं नाही. माझ्या बाजूला आपटली. टाच आत गेली. "रघूभाऊ, हे तुमी केलं नाय का?" म्हणाली. विचारण्याची गरज नव्हती. ते सगळं खरवडून काढलं. त्याची पुन्हा खडी होईल म्हणून बघितलं, तर पीठ झालं.

असो. रविनाला आशीर्वाद, तुम्हाला नमस्कार. तुमच्या सल्ल्याबद्दल गाव तुमचं ऋणी आहे.

आपला,
रघू

ता. क. : उरलेल्या ओटीला खडी कमी पडते आहे. साइटवरचा राडारोडा साहेब देत नाही, हे तुम्ही बोललात. पण तुमच्या दारापुढे तो काँक्रीटचा कट्टा आहे, ज्यावर बसून तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देता. रविनाला तो कधीपासून नको आहे.

आणखी एक : हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे ध्यानात आलंच असेल. ज्या बाईने ते तुमच्या हातात दिलं ती गुणाबाई. तिच्या पिशवीत घण आहे, तुकडे इकडे आणायला जीपवाला तिला नाही म्हणत नाही, आणि रविनाशी सकाळीच बोलणं झालं आहे. तुम्ही हे कट्ट्यावर बसून वाचत असाल, तर जरा उठा.