ते तोंड वेंगाडणं नव्हतं

सिरसाळा
मंगळवार, ता. १८ फेब्रुवारी २०२५

सौ. सुरेखास थोरल्या जावेचा आशीर्वाद. आमी इथं बरे हाओत. तुमी तिथं धारूरात बरे असालच, लगीनघर हाय.

तर मी तोंड वेंगाडलं नव्हतं. हे आधी वाच, मग कागद चुलीत घालायचा तर घाल. "परळीच्या स्टँडवर गंगासागर आक्कानं मला बघून तोंड वेंगाडलं, एवढ्या वर्षांनी बी तिचा ताठा गेला न्हाई," असं तू आसाराम जीपवाल्याच्या बायकोला सांगितलंस. तिनं ते दळणाच्या डब्यासंगं माझ्याकडं आणलं आणि गिरणीत चार बाया उभ्या असताना ओतलं. गिरणी चालू होती म्हणून ती वरडून सांगत होती. ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनी बी ऐकलं.

अगं, तू माझ्यासंगं एका चुलीवर राहिलीस. मला कुणाचा राग आला तर मी लांबून तोंड वेंगाडते का? समोर येऊन बोलते. माझा सभाव तुला ठावं असून तू असं कावून सांगितलंस?

फोन केलता, तू उचलला न्हाईस. बरंच झालं. फोनवर माझं बोलणं नीट निघत न्हाई. ओठाला ओठ लागत न्हाई, मग प, ब, म सगळे हवा होऊन जातात. "पीठ" म्हणायला गेले तर समोरचा "काय?" म्हणतो. कागदावर तेवढं तरी जाग्यावर बसतंय. चौथीपर्यंत शाळेत गेले त्याचा आज उपेग झाला. चुका काढू नको.

आता काय झालं ते सांगते. मार्गशीर्षात एक दिवस सकाळी चूळ भरली, तर पाणी उजव्या कोपऱ्यातून आपोआप खाली. चहा घेतला तर तो बी तिकडूनच. मी कपाला शिव्या दिल्या, म्हणलं फुटका हाय. मग ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "अगं, तुझं तोंड एका अंगाला गेलंय." आरशात बघितलं तर उजवी बाजू परक्याची. भुवई वर जाईना, डोळा मिटेना. कुणी म्हणलं तोंडावरून वारं गेलं, कुणी म्हणलं लकवा. गिरणीतल्या गरमीतून निघून थंडीत दारात उभी राहते म्हणून झालं, असं बी एकानं सांगितलं. जसं काय मी तिथं हवा खायाला उभी राहते.

परळीच्या डॉक्टरनं सांगितलं चेहऱ्याची नस सुजली, गोळ्या खा, बरं होतंय, पण दम धरा. मला दम धरायला सांगितलं! डोळा मिटत न्हाई म्हणून रातच्याला पट्टी लावून निजते. दिवसा गिरणीत उघड्या डोळ्यात पीठ जातंय, म्हणून पोराचा, संगमेशचा, काळा गॉगल घालते. तुझी थोरली जाऊ काळा गॉगल घालून ज्वारी दळती, एवढं डोळ्यापुढं आण. तू असतीस तर चार दिवस उठली नसतीस हसून.

डॉक्टरनं व्यायामाला एका पोरीकडं पाठवलं. धनश्री नाव, आष्टीकडची हाय, पातळ अंगाची, पण लई चिवट. ती मला आरशापुढं बसवते. गाल फुगवा. शीळ घाला. दात दाखवा. आणि मग म्हणते, "काकू, आता हसा."

"कावून? काय झालं?"

"काही झालं नाही. नुसतं हसायचं."

"बिनकामाचं हसायची सवय न्हाई मला."

"मग लावू की सवय."

घरी बी रोज करायचं म्हणाली. घरी कुठला वेळ? मग गिरणीतच चाळणीशेजारी खिळ्याला आरसा टांगला. एक डबा ओतायचा, पीठ पडंस्तोवर हसायचं. डावा गाल वर चढतो, उजवा तिथंच. सुंदरराव दळणाला आले, बघत राहिले, म्हणाले, "वैनी, आज हसताव! दळण फुकट हाय का काय?" मी म्हणलं, "हसणं फुकट हाय, दळणाचे पैसे तिथं ठेवा." तर हे बाहेरून म्हणतात, "तू हसू नको बाई. तू रागीट बसायचीस तवा गिऱ्हाईक येत होतं, आता भेऊन पळतंय."

ऐकून घेतलं. ह्या दोन म्हैन्यात मी लई ऐकून घेतलं. तोंडच धड न्हाई तर उलट काय बोलणार? आणि खरं सांगू, दमले मी. गहू-ज्वारीची पोती उचलून कधी एवढी दमले न्हाई. न आलेलं हसू गालाला धरून वर ओढायचं, ते सोडलं की खाली, परत ओढायचं. संध्याकाळी गिरणी बंद केली की गाल, मान, डोकं सगळं ठणकतंय. भाकरी एका अंगानं चावायची. बोलायचा कंटाळा. आणि रोज तीच पोर, "हसा काकू."

एक दिवस ती म्हणाली, "तुमचा एखादा जुना हसरा फोटो आणा. तुमचं हसू मुळात कसं होतं ते मला बघू द्या. सगळ्यांचं सारखं नसतं, कुणाचं आधीपासून थोडं तिरकं असतं." मला वाटलं, हे तर सोपं काम.

संगमेशनं घर उचकलं. पेटी, कपाट, देवाच्या फोटोमागं. आधार कार्डावर मी अशी हाय की पोलिसांनी धरून आणलंय. रेशन कार्डावर तशीच. लग्नाच्या फोटोत खाली बघितलंय. संगमेशच्या बारशाचा फोटो निघाला, त्यात तू हसतीस, पोरगं रडतंय आणि मी घुगऱ्यांच्या पातेल्याकडं बघते. मोबाईलमधल्या फोटोत मी कुठं कडंला, कुठं अर्धी. संगमेश म्हणला, "आई, तू एकाबी फोटोत हसली न्हाईस." तवा हे जेवत होते. घास हातात तसाच धरून म्हणाले, "हिचा हसरा फोटो कुठनं आसंल? मीच हिला हसताना बघितलं न्हाई, तर कॅमेऱ्यानं कधी बघावं?"

सगळे हसले. माझं अर्धं तोंड बी हसलं.

मी भांडी घासायला उठले, सुरेखा. एवढा संसार केला त्या माणसासंगं, गिरणीचा पट्टा तुटला तर दोघांनी मिळून ओढला, आणि त्यानं मला हसताना बघितलेलं न्हाई. त्याची बी चूक न्हाई. तो घरात असायचा तवा मी कामात असायची. मी हसायची ती मागच्या पडवीत, आणि तिथं तूच असायचीस.

एक फोटो हाय. तुझ्याकडं हाय. परळीच्या शिवरातीच्या जत्रेतला, तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या शिवरातीचा. पुठ्ठ्याचं विमान. तुला आठवत नसंल तर मी आठवण देते, म्हणजे सापडल्यावर म्हणायला नको की हा न्हाई. पंखावर निळा रंग, खिडकीतनं डोकं काढून बसायचं. तू पुढं, चालवणारी. मी मागं. सासूबाईंना फोटोवाल्यानं तिसऱ्या खिडकीत बसा म्हणलं. त्या पदर खोचून मागं सरकल्या आणि म्हणाल्या, "मी न्हाई बसणार बाबा, मला वर गेल्यावर घेरी येती."

पुठ्ठ्याचं विमान, खाली दोन विटा.

तू आधी हसून फुटलीस. मग मी. पदर तोंडाला लावायचं बी भान राहिलं न्हाई. फोटोवाला म्हणत होता, "हलू नका, हलू नका," आणि विमान गदागदा हलत होतं. तवाच त्यानं दाबलं. सासूबाई पुढं आठवडाभर बोलल्या न्हाईत आपल्यासंगं, आणि आठवडाभर आपण पडवीत एकमेकीकडं बघून तेच.

धनश्रीला हे मागच्या बुधवारी सांगितलं. फोटो न्हाई घरात, पण असा एक हाय म्हणलं, जावेकडं. "काय झालं होतं त्यात?" तिनं विचारलं. मी सासूबाईंच्या घेरीपाशी आले, आणि ती एकदम आरसा माझ्यापुढं धरून म्हणाली, "थांबू नका, थांबू नका, डोळा बघा!" माझा उजवा डोळा आपोआप बारीक झालता. गाल बी हलला, जरासा, चाळणी हलावी तेवढा. ती म्हणाली, "आता तोंड ओढायचं नाही. आता हेच आठवायचं रोज."

तिथनं निघाले ती सरळ स्टँडवर. आणि रसवंतीच्या पलीकडं तू.

हातात कापडाची पिशवी, पहिल्यापेक्षा वाळलीस, केस पिकलेत. मी अजून तुझ्याच गोष्टीत होते, आणि तू समोर. मी तोंडावरचा रुमाल खाली केला. मीच केला, तुला दिसावं म्हणून. आणि मला हसू आलं. आरसा न्हाई, धनश्री न्हाई, कुणी हसा म्हणलं न्हाई. आपोआप आलं. पण दुपारची वेळ, गाल दमलेला. डावा कोपरा वर गेला असंल, उजवा खाली ओघळला असंल, डोळा उघडाच राहिला असंल. ते कसं दिसलं ते मला तुझ्या तोंडावर दिसलं. तू पिशवीत घातलेला हात तसाच बाहेर काढलास. मी हाक मारायला तोंड उघडलं तर लाळ आली. ती पुसंस्तोवर तू गर्दीत.

ते हसणं होतं, सुरेखा. वाईट होतं, पण हसणं होतं.

आता आसारामच्या बायकोनं दुसरं बी सांगितलं, ते तू तिला सांगू नको म्हणाली होतीस. त्या पिशवीत कुंकवाची डबी होती आणि तुझ्या शिवांजलीच्या लग्नाची पत्रिका होती. तू माझ्याकडंच यायला निघाली होतीस, सिरसाळ्याच्या गाडीला उभी होतीस. खरं हाय का?

आणि तिसरं तर ऐकून मी गिरणी बंद करून बाहेर येऊन बसले. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं ह्या दोघा भावांचं वाजलं, चूल वेगळी झाली, तुमी धारूरला गेलात. भांडण त्यांचं. आपलं दोघींचं काय वाजलं होतं? तुला आठवतंय काही? मला तर न्हाई. भाऊ भावासंगं बोलत न्हाई म्हणून आपण बी गप बसलो. आणि आता कळतंय, हे आणि परमेश्वर भाऊजी दिवाळीपासून परळीच्या मोंढ्यात एका टपरीवर चहा पितात! एका बशीत दोघं! ह्यांना विचारलं तर म्हणतात, "तू कुठं विचारलंस?" पत्रिका बी ह्यांच्या खिशात हाय, भाऊजींनी दिलेली. मला दाखवली बी न्हाई. "जाऊ की लग्नाला," म्हणाले, जसं काय बाजाराला जायचंय.

त्यांचं मिटलं. आपलंच, जे कधी नव्हतं, ते राहिलं.

पुरुषांनी टपरीवर पुरुषाला दिलेली पत्रिका पुरुषाची. तिच्यावर मी येणार न्हाई. शिवांजलीला मी पहिली आंघोळ घातली, गिरणीच्या आवाजाशिवाय ती निजत नव्हती म्हणून मांडीवर घेऊन मी दळण केलं. ती मला मोठी आई म्हणायची, अजून म्हणती का ठावं न्हाई. तिच्या हळदीला मी ह्यांच्या मागनं पिशवी धरून यायची का? तू दारात येऊन कुंकू लावून, "आक्का, लग्नाला या," म्हणलीस तर येईन. न्हाई तर त्या दिवशी गिरणी चालू ठेवीन, आवाजात मला काही ऐकू येणार न्हाई.

मोठं झालं पत्र. एवढं कधी लिहिलं न्हाई. हात बी दमला आता.

फोटोचं काय ते सांगते. धनश्री म्हणाली, आता फोटो नसला तरी चालतंय, हसू माझं मला सापडलंय. तिला नको असला तर नको. मला पायजे. तू गेल्यापासून ह्या घरात माझ्याकडं बघून कुणी फुटलं न्हाई, आणि मी बी कुणाकडं बघून फुटले न्हाई. ते कळायला मला फोटो लागत न्हाई, पण सगळे पुरावा मागायला लागलेत. ह्यांच्यापुढं ठेवायचाय तो फोटो. म्हणायचंय, बघा.

आलीस तर एक ध्यानात ठेव. मी दारात उभी राहून हसंन. भिऊ नको, पळू नको, डाव्या बाजूनं बघ. उजवी अजून मागनं येतीय, पण येतीय.

हा कागद आसारामच्या हातानं पाठवते. सोमवारी तो धारूरहून परत निघंल. त्याची जीप सुटायच्या आत मला उत्तर पायजे. त्याच्याजवळ चिठ्ठी दे, न्हाई तर त्याच्या जीपमधी तूच बसून ये. येती का न्हाई, एवढंच. बाकीचं आपण पडवीत बोलू.

अजून तुझीच थोरली जाऊ,
गंगासागर