अजून लांबी ठरलेली नाही

बाबा, तुम्ही असतात तर हा प्रश्न मी तुम्हालाच विचारला असता, आणि उत्तर देण्याआधी तुम्ही चष्मा काढून पुसत बसला असतात. मला माझी पहिली रायफल घ्यायची आहे, सेमी-ऑटोमॅटिक, आणि तिची गॅस सिस्टिम किती लांबीची असावी हे गेले कित्येक आठवडे मला ठरवता येत नाहीये. हे वाक्य मराठीत लिहिताना विचित्र वाटतं. पण शाळेत घालायच्याही आधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुम्ही जी भाषा शिकवलीत, तिच्यातच माझा विचार सावकाश होतो, आणि सध्या मला एका जागी बसवत नाही.

गोष्ट तुमच्याच प्रांतातली आहे. गोळी सुटली की तिच्यामागचा थोडा गॅस बॅरलमधल्या एका बारीक भोकातून वर घेतात. तो एका नळीतून मागे येतो आणि त्याच्या धक्क्याने रिकामं काडतूस बाहेर पडून नवं आत जातं. भोक काडतुसाच्या जवळ असलं तर गॅस गरम आणि दांडगा. सगळं धाडकन होतं, भाग लवकर झिजतात. ही कार्बाइन लांबी. भोक पुढे नेलं तर धक्का मवाळ होतो, पण आखूड बॅरलवर ते फारच पुढे नेलं तर नळीत पुरेसा दाब येण्याआधीच गोळी निघून जाते आणि यंत्र अडकू शकतं. या दोहोंमधली ती मिड-लेंग्थ. हे सगळं वाचताना मला तुमच्या कंपनीची ट्रॉय गावातली इंजिनांची टेस्ट लॅब आठवली. मुलांना ऑफिसात न्यायचा दिवस होता. माझ्या कानांवर आवाज अडवणारे मोठे मफ, काचेपलीकडे इंजिन थरथरतंय, एक्झॉस्टचा पाइप लालसर होत चाललाय, आणि तुम्ही त्या पाइपवरच्या दोन जागा दाखवून विचारताय की दाब मोजायचा तर कुठून मोजशील. मी घाईने म्हणते, जिथे जास्त असेल तिथून. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणता, "कशासाठी मोजायचाय, ते विचारलंस का?" बाकीची मुलं चिप्स खात होती. मला रडू आवरत नव्हतं. घरी येताना तुम्ही बारीक मापं घ्यायचा तुमचा जुना व्हर्निअर माझ्या मांडीवर ठेवलात. समजूत काढायची तुमची तीच पद्धत.

उन्हाळ्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला नेमबाजीच्या रेंजवर नेलं. त्यानंतर मी चार वेळा बंदुकांच्या दुकानात जाऊन आले आहे. दुकानदार म्हातारा आहे, ऐकू येण्याचं मशीन लावतो, आणि माझे प्रश्न ऐकायचे नसले की ते काढून ठेवतो असा मला संशय आहे. सोळा इंची बॅरल ना, मग मिड-लेंग्थ घे आणि घरी जा, असं त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी म्हटलं, पण थंडीत चालेल? पण कमी ताकदीच्या काडतुसांवर? मागच्या वेळी मला दारातून येताना पाहून तो म्हणाला की एवढ्या वेळात त्याने दोन लग्नं केली होती.

आई आता माझ्याकडेच राहते. परवा खंडेनवमीला तिने नेहमीसारखा पाट मांडला. विळी, तिची शिवणाची कात्री, तुमचा व्हर्निअर, माझा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, आणि इथे मिळतात ती कुंड्यांमधली पिवळी फुलं. हळदकुंकू वाहता वाहता, मान वर न करता तिने विचारलं, "पुढच्या वर्षी तीही ठेवायची का इथे?"

मी म्हणाले, "अजून लांबी ठरलेली नाही."

"लांबी नाही विचारली मी."

मग ती शांतपणे बोलली. रायफल घरात आली तर ती मावशीकडे जाणार आहे, मॉरिसव्हिलला, कायमची. रागावून नाही, म्हणाली, पण तिला त्या घरात झोप लागणार नाही. आणि पुढे म्हणाली, "तू अगदी त्यांच्यावर गेली आहेस." मला आपली मिनीव्हॅन आठवली. घरात दोन गाड्या असताना तुम्ही महिनाभर ट्रान्समिशनची तुलना करत होतात, आई रोज पोळ्या लाटताना विचारायची की पण आपल्याला ती हवी आहे का, आणि तुम्ही रोज तिला गिअर समजावून सांगायचात. तिला गिअर कळले, गाडी दारात आली, प्रश्न तसाच राहिला. आपल्या घरात असंच होतं. कोणती, हे चोख ठरवलं की हवी का, हे ठरलंच असं आपण धरून चालतो.

आज दुकानदाराचा फोन आला. मिड-लेंग्थ आली आहे, शनिवारपर्यंत ठेवतो म्हणाला. खाली आई मावशीशी बोलते आहे. थंडीचे कपडे तिकडे किती लागतील असं काहीसं चाललंय. शेजारच्या घरी चोरी झाली तेव्हापासून मी घाबरले आहे आणि म्हणून मला रायफल हवी आहे, अशी आईची समजूत आहे. मी ती समजूत मोडली नाही. भीतीशी आई भांडणार नाही हे मला माहीत होतं. पण बाबा, मी घाबरलेली नाही. रेंजवर पहिली गोळी झाडली, ती कागदावर मधोमध लागली, आणि मी मोठ्याने हसले. इतकं बरं मला तुम्ही गेल्यानंतर कशानेच वाटलं नव्हतं. मला ते आवडतं, एवढंच कारण आहे. ते कारण पुरेसं आहे का, मला माहीत नाही. हा कागद तुम्हाला पाठवता येत नाही, आणि मी बोलते आहे तेही चुकीच्या माणसाशी. आईचा फोन संपला की खाली जाऊन हे तिला सांगायचं आहे. तिचा फोन मघाशीच संपलाय.