साडूच्या बोटीचं बूच

रविवार, संध्याकाळ

रविवारी जेवणानंतर झोपण्याचा माझा घटनादत्त हक्क आज धाकट्या साडूनं पायदळी तुडवला. विलासनं मोटरबोट घेतलीय. शेवगावात! आणि ती जायकवाडी धरणाच्या फुगवट्यापर्यंत ओढून न्यायला जीप मात्र माझी. लाल, चकचकीत बोट. वाटभर आरशात तीच दिसत होती.

काठावर जीप मागे घेताना माझ्याकडून बोटीची ट्रॉली आडवी झाली. लोक हसले. विलास ओरडला, "उतारच वाईट हाय, दाजी काय करतील?"

मग मेहुणीनं नव्या ट्रॅक्टरसारखी बोटीला आंघोळ घातली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आत साचलेलं पाणी काढायला विलासनं तळाचं बूच उघडलं आणि फोटोच्या नादात लावायचं विसरला. मला दिसलं. मी गप्प बसलो. का? बोट इतकी लाल होती म्हणून?

बोट पाण्यात गेली, विलास चढला, आणि आत पाणी भरू लागलं. त्याला पोहता येत नाही, हे मला तेव्हा आठवलं. कंबरभर पाण्यात शिरून दोर ओढला, बोट काठाला आणली.

"बूच कुणी उघडं ठेवलं?" मेहुणी कडाडली. विलासनं मान खाली घातली.

"माझ्याकडून राहिलं," मी म्हणालो.